अन्नपूरणी, दार उघड

कालव्यावरचा पूल ओलांडला आणि अन्नपूरणी अक्का थांबल्या. पुत्तूरच्या देवळाचं गोपूर आता नारळींच्या वर दिसायला लागलं होतं.

"सरसा, पाय दुखतायत म्हण आणि मला घरी ने."

"माझे नाही दुखत, अक्का."

"म्हणून तर म्हण म्हणतेय. माझे दुखतात म्हटलं की संतानम रिक्षा पाठवील."

संतानम हा उत्सव समितीचा चिटणीस. अक्कांचा धाकटा भाऊ वैत्ति, ज्याची कीर्तनं, म्हणजे देवादिकांवरची पदं, आता गावोगावच्या मैफलींत गातात, त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. आज अक्कांनी देवीसमोर बसून सांगायचं होतं, की नऊ वर्षांच्या वैत्तिला अन्नपूर्णेचा दृष्टांत कसा झाला आणि 'अन्नपूरणी, दार उघड' हे पहिलं कीर्तन कसं सुचलं. शेजारच्या सरसाकडे स्मरणिकेत अक्कांवर लिहायचं काम होतं, म्हणून ती सोबत.

"घरी कुणी विचारलं तर मी नुसती मान हलवायची," अक्का म्हणाल्या. "पण तिच्यासमोर बसून खोटं कसं बोलू गं? दृष्टांत कसला डोंबलाचा! दार मी लावलं होतं."

आई गेली तेव्हा वैत्ति रांगत होता. वडील देवळाच्या मुदपाकखान्यात आचारी. पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे. पोर वाढवलं अक्कांनीच. गळा गोड आणि अंगात लबाडी ठासून भरलेली. बेडकाला भ्यायचा, मुरुक्कूच्या, म्हणजे चकल्यांच्या, डब्याला नाही. गाण्याच्या शिकवणीची वेळ झाली की नेमकं पोट दुखायचं. एकदा शिकवणी बुडवून देवळाच्या हत्तिणीची आंघोळ बघत बसला, तेव्हा अक्कांनी आतून कडीच घातली. वैत्तिने ओट्यावर बसून आधी रडून पाहिलं. मग सूर लावला: 'अन्नपूरणी, दार उघड, भुकेलं लेकरू दारात उभं.'

"रागावला की मला नावानेच हाक मारायचा, मेला! अक्का म्हणाला असता तर हा घोटाळा झालाच नसता."

रस्त्याने परगावचे एक भागवतर, म्हणजे भक्तिपदं गाणारे गवई, चालले होते. एवढंसं पोर जगन्मातेला हाक मारतंय, म्हणून ते गहिवरले. त्यांना पाहून वैत्तिने डोळे मिटून घेतले. मार चुकला, जेवण मिळालं, वर भागवतरांनी त्याला शिष्य करून घेतलं.

"मग आज काय सांगणार?" सरसाने विचारलं.

"तीच सुचवील," अक्का गोपुराकडे बघत म्हणाल्या.

मंडपात माणसं दाटीने बसली होती. अक्कांनी देवीला नमस्कार केला, ध्वनिक्षेपकासमोर बसल्या आणि हत्तिणीपासून कडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. संतानमचा चेहरा उतरला. पहिले हसले ते देवळाचे पुजारी गुरुक्कल, आरतीचं ताट हातात धरून. मग सगळा मंडपच हसला. अक्कांनी हळूच गाभाऱ्याकडे पाहिलं. देवी रोजच्यासारखीच प्रसन्न होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण मंचावरचे तिरुवेंगडम शास्त्री हार मानेनात.

"अक्का, शेवटच्या चरणात 'तुझ्या हातचा आंबट घासही अमृत' आहे. आंबट घास म्हणजे संसार. मी त्यावर व्याख्यानं दिलीत. हे का पोरासोराचं बोलणं?"

"संसार कुठला, शास्त्रीबुवा? दहीभात! कडी काढली तोवर दही आंबलं होतं. तो चरण त्याने जेवता जेवता जोडला."

शास्त्रीबुवा पाणी प्यायले. नंतर सगळ्यांनी कीर्तन म्हटलं, आणि 'आंबट' आल्याबरोबर बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

परतताना अक्का पुलावर थांबल्या. मग सरसाचा दंड धरून म्हणाल्या, "सरसा, हत्तीण लिही, कडी लिही, मी कडक होते तेही लिही. दह्याचं तेवढं गाळ. दिवस उन्हाळ्याचे होते गं! एरवी माझं दही कधी आंबट होत नाही."