एक मात्रा रिकामी

मी फटकळ आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, लोकच सांगतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलायला उठले की सेक्रेटरी आधी घोटभर पाणी पितात. बँडमध्येही तेच. कुणी बेसूर गायलं, कुणी उशिरा उगवलं, की मी तोंडावर सांगते आणि मोकळी होते. त्यामुळे एका माणसाला एक साधी गोष्ट माझ्याच्याने सांगवत नाही, हे माझ्या ओळखीतल्या कुणाला पटणार नाही.

आम्ही चौघं आहोत. एक गाणारी, एक कीबोर्डवाला, एक बेस गिटारवाला आणि ड्रम्सवर मी. दिवसा सगळे नोकऱ्या करतो, शनिवार-रविवारी लग्नातले संगीताचे कार्यक्रम, कंपन्यांची संमेलनं, क्वचित एखादा कॅफे, जिथे लोक आमचं गाणं ऐकता ऐकता फोनवर बोलत असतात. तालमी कर्वेनगरात, कीबोर्डवाल्याच्या सोसायटीच्या तळघरात. वर एक आजोबा राहतात. तालीम रंगात आली की ते जिन्यात येऊन उभे राहतात आणि विचारतात, "आपलं हे अजून किती वेळ चालणार आहे?" त्यातल्या 'हे'वर इतका जोर असतो, की शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बेस गिटार म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. ती वाजत असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लग्नातले काका तर स्टेजपाशी येऊन सांगतात, "अहो, तुमच्या या गिटारचा आवाजच येत नाही!" ड्रम्स वाजवणाऱ्याला मात्र स्टेजवरचा सगळ्यात जवळचा माणूस तोच. माझ्या उजव्या पायाने मोठा ड्रम वाजतो. त्याचा धप् आणि त्या जाड तारेचा सूर एका वेळी पडला, की खुर्चीतल्या बाईचे पाय आपोआप हलायला लागतात. नाही पडला, तर नुसता गोंगाट.

याआधी मी बरेच बेसवाले सोसले. एकाला आपण मुख्य गिटारवाले आहोत असं वाटायचं, तो इतकी बोटं चालवायचा की माझ्या ठोक्याला बसायला जागाच उरायची नाही. दुसरा सदान् कदा तारा जुळवत बसलेला. तिसरा पूर्ण वेळ प्रेक्षकांकडे बघून हसायचा. हसेना का बापडा, पण माझ्याकडे चुकूनही बघायचा नाही. त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग हा आला. नागपूरकडचा, आयटीत नोकरीला, वाघोलीत राहणारा. पाठीवर गिटार टाकून स्कूटरवरून निम्मं पुणं ओलांडत तालमीला यायचा आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की हा वाजवताना माझ्या बुटाकडे टक लावून बघतोय. मी वाजवणं थांबवलं आणि विचारलं, "बुटाला काही लागलंय का माझ्या?"

"नाही वं," तो म्हणाला. "आमच्या वस्तीत भीमगीतांची पार्टी होती. तिथं ढोलकीवाल्याच्या बाजूला बसून वाढलो मी. त्याचा हात बघत बघतच वाजवायला शिकलो. तुझा हात इथून दिसत नाही, तं पाय बघून राहिलो."

त्या दिवशी एका गाण्यात ध्रुवपद संपताना त्याने एक मात्रा रिकामी सोडली. म्हणजे सूर जरा आखडता घेतला आणि मग काहीच नाही. मी दचकले, आणि त्या रिकाम्या जागेत पायाने एकच धप् दिला. तो खुदकन हसला. तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. प्रत्येक गाण्यात कुठेतरी तो एक मात्रा सोडणार आणि मी ती भरणार. कुठे सोडणार हे तो कधी सांगायचा नाही, रोज जागा वेगळी. नीट कान देऊन ऐकलं तरच मला कळायचं. गाणारीला आणि कीबोर्डवाल्याला याचा अजून पत्ता नाही.

आणि सांभाळून किती घ्यायचा! एका लग्नात मी भलत्याच तोऱ्यात अंतरा एक आवर्तन आधीच सुरू केला. हा माझ्याबरोबर इतक्या पटकन वळला, की गाणारीला वाटलं आपलीच चूक झाली. कार्यक्रमानंतर तिने माझी माफी मागितली. मी ती मोठ्या मनाने दिलीसुद्धा! तो शेजारी उभा राहून गुपचूप जिलेबी खात होता.

मग गेल्या वर्षी कीबोर्डवाल्याने लॅपटॉप आणला. आता प्रत्येकाच्या कानात बाहेरचं काही ऐकू न देणारे इअरफोन आणि त्यात एक टिकटिक, म्हणजे लय घड्याळासारखी पक्की. कुणाला काय किती ऐकू यावं ते ज्याने त्याने आपापल्या फोनवर ठरवायचं. प्रत्येक वाद्याची एक पट्टी, वर सरकवली की मोठं, खाली नेली की बंद. आजोबांवर उपाय म्हणून तालमीही तशाच व्हायला लागल्या. मी रबरी पॅड बडवायची, बाकीचं सगळं कानात. आजोबा बिचारे दोन-चारदा खाली येऊन गेले, शांतता बघून हिरमुसले.

ती टिकटिक आली आणि माझी लय डळमळायला लागली. हा पहिल्यापासून सूर किंचित मागे ठेवून वाजवतो, त्यातच त्याची गंमत आहे. पण आता एका बाजूने टिकटिक पुढे ओढायची आणि दुसऱ्या बाजूने हा मागे. एका कंपनीच्या कार्यक्रमात मी दोनदा घसरले. डोकं सणकलं, आणि दोन गाण्यांच्या मध्ये मी फोनवर त्याची पट्टी खाली ओढली, पार तळाला. एकदम निवांत वाटलं. आजच्यापुरतं, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी फोन उघडला तेव्हा पट्टी तशीच तळाला होती. मी तिला हात लावला नाही. त्याच्याही पुढच्या वेळी नाही.

लोक येऊन म्हणायचे, तुमचं दोघांचं काय जुळतं हो! मी मान डोलवायची.

अशात एक कॉलेजची मुलगी आम्हाला भेटायला आली. तिला तिच्या पॉडकास्टसाठी एक भाग करायचा होता, ड्रम्स वाजवणाऱ्यांना कुठले बेसवाले आवडतात आणि का. तिने आम्हा दोघांना शेजारी बसवलं. आणि मी सुटले. चांगला बेसवाला कमी वाजवतो, म्हणाले. चांगला बेसवाला जागा सोडतो. चूक आपली असली तरी ती त्याचीच वाटावी असा सांभाळून घेतो. "आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकमेकांना ऐकायला हवं. मी डोळे मिटून सांगेन, याने आत्ता कुठला सूर घेतला." मुलगी खूश झाली. तो माझ्या बुटाकडे बघत बसला होता.

तिला सोडून आम्ही पार्किंगमध्ये आलो. तो स्कूटरला किल्ली न लावता तसाच उभा राहिला.

"एक विचारू? तू तोंडावर सांगतेस, म्हणून तुलाच विचारतो. माझा हात हळू होऊन राहिला का?"

मी म्हटलं, "काय झालं हाताला?"

"हे बोट सकाळी आखडतं थोडं. पण बोटाचं सोड. वाजवण्यात काहीतरी बिघडलं आहे, पहिल्यासारखं होत नाही. तुझ्याएवढं मला कोणी ऐकत नाही. बिघडलं असंल तं सरळ सांग, मी थांबतो. तुमच्या गळ्यात लोढणं नको."

वर्षभरात मी त्याचा एक सूर ऐकला नव्हता. हात हळू झाला होता की नव्हता, मला काय ठाऊक? "वेडा आहेस का?" मी म्हटलं. "मस्त वाजवतोस की."

त्याने स्कूटरला किल्ली लावली. "तू असं गुळमुळीत कधीपासून बोलायला लागली?" एवढंच म्हणाला आणि निघाला.

मी कधी नव्हे ती गोड बोलले, आणि त्यावरूनच त्याने ओळखलं की आपला हात गेला. तो डॉक्टरांकडे गेला. त्यांना विशेष काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी एक रबरी चेंडू दाबायला सांगितला. तालमीला आला की कोपऱ्यात बसून तो चेंडू दाबायचा. मग एक दिवस त्याने कीबोर्डवाल्याला सांगितलं, "वाघोलीचं लग्न झालं की मी थांबतो. बेस लॅपटॉपमध्ये भरून घ्या." कीबोर्डवाला म्हणाला, तसं ते जास्त स्वच्छच वाजेल. मी त्याच्यावर भडकणार होते. पण कुठल्या तोंडाने? त्याने निदान तोंडावर तरी सांगितलं होतं.

लग्न त्याच्या घरापासून जवळच्या एका लॉनवर होतं. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी मी फोन काढला आणि त्याची पट्टी वर नेली, अगदी टोकापर्यंत.

हात हळू झालेला नव्हता. छे, काहीच झालेलं नव्हतं! तोच किंचित मागचा, गोल, भरलेला सूर. किती दिवसांनी ऐकत होते मी! गाणं अर्ध्यावर आलं, त्याने सूर आखडता घेतला, आणि एक मात्रा रिकामी. माझा पाय हललाच नाही. मी नुसती बसून राहिले आणि मात्रा निघून गेली. दुसऱ्या गाण्यात पुन्हा तेच. त्याने जागा सोडली, माझ्या बुटाकडे पाहिलं, बूट हलला नाही, आणि तो मुकाट्याने पुढे वाजवायला लागला.

म्हणजे हा वर्षभर जागा सोडत होता. प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक तालमीत. बुटाकडे बघायचा, वाट बघायचा आणि पुढे जायचा. बिघडलं आहे म्हणत होता ते हेच. आपलं वाजवणं पूर्वीसारखं राहिलं नाही, म्हणूनच ही उत्तर देत नाही, असं त्याने धरून घेतलं होतं. त्यात माझी काही चूक असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला माझी लाज वाटली.

तिसऱ्या गाण्यात त्याने जागा सोडली आणि मी पाय मारला. धप्. त्याने बुटावरची नजर उचलून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग इतका हसला, की पुढचे दोन सूर चक्क चुकले. त्यानंतर त्याने गाण्यागणिक दोन-दोन, तीन-तीन जागा सोडल्या आणि मी एकही चुकवली नाही.

जेवणाच्या मंडपात तो ताट घेऊन थेट माझ्याकडे आला. "बघितलं? फरक पडला नं!" खिशातून चेंडू काढून माझ्या नाकासमोर धरला. "मी तं हात टेकले होते बाप्पा. रोज दाबला, सकाळ-संध्याकाळ. आता नाही थांबत मी. कीबोर्डवाल्याला सांगून आलो."

सांगायची वेळ तीच होती. फोन माझ्या हातात होता, दोन वाक्यांचं काम. त्याचा चेहरा एवढा फुलला होता. आणि सगळ्या पुण्याला तोंडावर सांगत फिरणारी मी म्हणाले, "हो. पडला फरक."

आता त्याची पट्टी कायम वर असते. टिकटिक मी पार बारीक केली आहे, घसरले तर घसरले. तो मात्र अजूनही तालमीला लवकर येतो आणि गिटार काढण्याआधी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मन लावून चेंडू दाबतो. कीबोर्डवाल्यालाही दाबायला सांगतो. मी पॅडचे आधीच घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट करत बसते आणि रोज ठरवते, की आज सांगायचं.

मागच्या रविवारी त्याने नवा चेंडू आणला, आधीच्यापेक्षा कडक. माझ्या हातात देऊन म्हणाला, "दाबून बघ."

मी दाबून पाहिला. "चांगला आहे," म्हणाले.