सभेत उभी राहिलेली बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरींना नाही, नवरा गेला त्यालाही नाही. मऊ करून सांगणार नाही — मऊ बोलण्याचाच मला आता संताप येतो.

तुम्ही मला ऐकलं असेल. माइक घेऊन उसावर, तोडीवर बोलणारी चौथी शिकलेली म्हातारी. ‘कारखान्याच्या सभेत एकटी उभी राहिले’ हे माझं भाषण. टाळ्या कुठं पडतात ते मला पाठ आहे. त्यात खरं किती?

पारू माझ्या बांधाला लागून असलेली शेजारीण. नवरा लवकर गेला, जमीन आणि कारखान्याचं सभासदत्व तिच्या नावावर आलं. नव्वदनंतरची गोष्ट. तिचा ऊस आधी लावलेला, पण कारखान्याकडून तोडणीची पाळी, तोड, मिळायची शेवटी. कारखान्याच्या संचालकाच्या भावाचा मागनं लावलेला, तो आधी जायचा. माझाही मागंच राहायचा. भांगलताना आम्ही रोज चडफडायचो. वार्षिक सभेत विचारायचं, हे मीच काढलं. प्रश्न मी लिहिला. पारूला अक्षर येत नव्हतं, तिनं तो पाठ केला. ‘तू बोल, मी शेजारी उभी राहते’ — हे कोण म्हणालं? मीच.

आदल्या दिवशी संचालक आमच्या सोप्यात चहा पिऊन गेला. “वैनी, यंदा तुमचा ऊस पहिल्या पंधरवड्यात उचलतो. तेवढं सभेचं जपा.”

पारूला हे सांगितलं नाही. तिनं बोलू नये असंही मला वाटत नव्हतं. माझं नाव न घेता ती बोलली असती, तर मला दोन्ही मिळालं असतं — ऊसही आणि न्यायही. कळलं ना, किती हिशेबी होते ते?

सभेत विषय वाचतात, मांडव ‘मंजूर’ ओरडतो, पुढचा विषय. त्या ओरड्यातून पारू माइकपर्यंत गेली. प्रश्न अक्षर न चुकता विचारला. व्यासपीठावरून आवाज आला, “एकटीचीच तक्रार दिसतीया की ही!”

“एकटी न्हाय,” पारू म्हणाली. “आक्का हाय माझ्यासंगं. आक्का, ऊठ की.”

मी उठले. आणि ओरडले — “मंजूर! मंजूर!”

मांडव खदखदून हसला. तिच्या हातातला माइक काढून घेतला. माझा ऊस पंधरवड्यात गेला. तिचा उन्हाळ्यापर्यंत उभा — तुरे आलेला, पोकळ झालेला. पारू पुन्हा कुठल्या सभेत तोंड उघडून बोलली नाही.

बोलू लागले मी. काही वर्षांनी बायकांच्या मेळाव्यात कुणीतरी माइक दिला आणि माझ्या तोंडून पारूची गोष्ट आली — ‘मी’ म्हणून. मग बाहेरगावी बोलावणी सुरू झाली. गावात मात्र मी कधी बोलले नाही. का, ते सांगायला हवं?

पुढं मोबाइल आले. कुणीतरी भाषणाचं चित्रण केलं, ते या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत गावात आलं. बाप्यांनी पाहिलं, गप्प बसले. त्या दिवशी तेही मंजूरच ओरडले होते ना! पारूनं ते दूध डेअरीच्या रांगेत पाहिलं, मी मागंच उभी होते. किटली खाली ठेवून शेवटपर्यंत पाहिलं.

“झ्याक बोलतीस की, आक्का,” ती म्हणाली. “फकस्त मंजूर कोण वरडलं, तेवढं सांगायचं ऱ्हायलं बघ.”

एवढंच. किटली उचलून गेली.

त्यानंतर गडहिंग्लजला सभा होती. तिथं तरी खरं बोलले असेन? नाही. उलट एक वाक्य वाढवलं — ‘जिच्या भरवशावर मी उठले, तीच बाई मंजूर ओरडली.’ मांडवातल्या बाया पेटल्या. एकीनं विचारलं, “कोण व्हती ती भवानी?”

“हाय की माझी शेजारीण,” मी म्हणाले. “गरीब हाय. नाव कशाला घ्यायचं?”

माझ्या मोठ्या मनासाठी बाया उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. मी हात जोडले आणि त्या थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.