देवाची मूठ

सरुबाईला राग येत नाही, असं सगळे म्हणत. पंचवीस वर्षं ती खटकचिंचोळीच्या आसपासच्या वाड्यांतून शास्त्र, म्हणजे बायबल, काखेत धरून हिंडली. कुत्री अंगावर आली, कुणी दारातून हाकललं, कुणी हसलं. तिचा आवाज कधी चढला नाही. चढला तो १० फेब्रुवारी १९७३ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास, आणि पुढं तो पुरता खाली कधी आलाच नाही.

सरुबाई मिशनची बायबलबाई होती. नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी पटकीनं गेला, मूलबाळ नव्हतं. मिशननं एका वाडीतल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात एक खोली दिली, दरमहा पगार लावला आणि बायांना शास्त्र सांगायचं काम दिलं. ती खोली आणि ते काम, एवढंच तिचं या जगात होतं.

शनिवारी ती मूठ गोळा करायची. वाडीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात चुलीजवळ एक लहान गाडगं असे. दळण काढताना बाईनं आधी एक मूठ ज्वारी त्यात टाकायची, ती देवाची. सरुबाई घरोघर जाऊन गाडगी झोळीत रिकामी करी. रविवारी त्या ज्वारीवर पाळक प्रार्थना करत आणि मग ती देवळामागच्या खोलीतल्या कणगीत पडे. ही कणगी अडल्यानडल्यांसाठी आहे, असं जुन्या लोकांनी ठरवलं होतं. पण कणगी भरलेली बघायची सवय लागली की ती रिकामी करवत नाही.

मूठ मागताना सरुबाई एक गोष्ट सांगे. दुष्काळ पडलेला. एका विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ उरलेलं. ती आणि तिचा लेक शेवटची भाकर खाऊन मरणार, एवढ्यात दारात देवाचा संदेष्टा येतो. म्हणतो, आधी मला एक भाकर दे, मग तुमची कर. बाईनं दिली, आणि पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही. मडक्यात हात घालून पुन्हा पुन्हा पीठ काढणं सरुबाई असं काही करून दाखवी, की बाया पदरानं डोळे टिपत.

त्या शनिवारी अकरा घरं करून ती निलम्माच्या दारात आली. निलम्माचा नवरा दसऱ्यानंतर हैदराबादला गवंड्याच्या हाताखाली गेला, त्याचा पत्ता नव्हता. ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची; पंधरा दिवसांपासून तेही बंद होतं. चूल थंड होती. पिठाचं मडकं पालथं घातलेलं. देवाचं गाडगं मात्र अर्धं भरलेलं. सहा वर्षांची मल्लव्वा कोपऱ्यात बसली होती, उजव्या तळव्याला चिंधी गुंडाळून.

"काय झालं गं हाताला?" सरुबाईनं विचारलं.

पोरीनं आईकडं बघितलं.

"चटका दिलाय मी," निलम्मा म्हणाली. "उलथन्यानं."

"कामून?"

"देवाच्या गाडग्यात हात घातली. कच्ची ज्वारी खायलाली." निलम्मानं गाडगं उचलून पुढं केलं. "घ्या अक्का. मी एक दिस चुकले न्हाई. सोताला भाकर केले न्हाई, पर मूठ टाकले. तुमीच सांगितलाव न्हवं, आधी देवाची, मग पोराची."

सरुबाईचा हात पुढं झाला नाही.

"मग आमचं मडकं कामून सरलं, अक्का? माझं काय चुकलं? पोरगी हात घातली म्हणून सरलं का? मला तसंच वाटलं. म्हणून चटका दिले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर सरुबाईनं ऐकून घेतल्या असत्या. पण ती शाळेतल्या पोरीसारखी आपली चूक विचारत होती. सरुबाईच्या कानशिलांत रक्त चढलं. पोरीला डागणाऱ्या आईचा राग आला, तो क्षणभरच टिकला. उलथनं आईच्या हातात होतं. ते तापवलं कुणी, हे तिला कळलं होतं.

तिनं देवाचं गाडगं निलम्माच्या सुपात पालथं केलं. अकरा घरांची झोळीही त्यावर ओतली. "दळ," म्हणाली, आणि रिकामी झोळी घेऊन देवळाकडं निघाली.

ओसरीवर बळीराम पाळक आणि देवळाच्या पंचांपैकी नरसिंग मास्तर पुढच्या रविवारच्या जेवणाचा बेत करत बसले होते. देवळाला नवी फरशी झाली होती. तिच्या समर्पणाला मिशनचे मोठे साहेब येणार होते.

"कणगी उघडायलीय मी," सरुबाई म्हणाली. निलम्माच्या घरी काय बघितलं, ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं.

"ऊन लागलं का सरुबाई?" मास्तर हसले. "बसा, पाणी प्या."

"ती ज्वारी देवाला वाहिलेली आहे," पाळक म्हणाले. "रविवारी शंभर माणूस जेवणार. साहेबांपुढं काय ठेवू?"

"मल्लव्वाचा हात ठेवा."

"एकीला दिलं की सगळी वाडी येईल. पलीकडच्या वस्तीतले बौद्ध येतील."

"येऊ द्या. भूक काय देवळाचं रजिस्टर बघून लागती?"

मास्तरांचं हसू गेलं. "शास्त्रात विधवेनं दिलं, संदेष्ट्यानं न्हाई. तुमीच सांगता की बायांना."

"अर्धीच सांगितले मास्तर, पंचवीस वर्षं." सरुबाईचा आवाज आवाराबाहेर जाऊ लागला. "भाकर घेऊन संदेष्टा पुढच्या गावाला गेला न्हाई. त्याच घरात राहिला, त्याच मडक्यातलं खाल्ला. मडकं सरलं असतं तर त्योबी उपाशी मेला असता. म्हणून त्याच्या तोंडी ते शोभलं. माझं मडकं मिशन भरतंय, तुमचंबी. आपण कोणत्या तोंडानं आधी देवाची म्हणायचं?"

"काम सोडायचं असेल तर तसं सांगा," पाळक थंडपणे म्हणाले. "खोलीही सोडावी लागेल."

सरुबाई देवळामागच्या खोलीत गेली. दरवर्षी ती कणगी शेणामातीनं तीच लिंपायची. बुडाशी भोक कुठं आहे आणि त्यात चिंध्यांचा बोळा किती घट्ट बसलाय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं बोळा ओढला. ज्वारी पायांवर सांडली. उन्हं उतरेपर्यंत ती झोळ्या भरभरून नेत राहिली, आधी ज्या घरांत चूल थंड होती तिथं, मग बाकीच्यांकडं, आणि पलीकडच्या वस्तीतही. तिला अडवायला कुणी हात लावला नाही. मदतीलाही कुणी उठलं नाही.

साहेब आले, भालकीहून आणलेला भात जेवून गेले. १ मार्चला सरुबाईचं काम गेलं. तिनं वळकटी उचलली आणि निलम्माच्या घरी जाऊन टाकली. खडीचं काम पुन्हा निघालं तेव्हा पन्नाशीच्या हातात तिनंही हातोडी धरली. पाऊस पडेपर्यंत पिठाचं मडकं चारदा रिकामं झालं. त्या चारही दिवशी सरुबाईही उपाशी राहिली.

एकदा मल्लव्वानं विचारलं, "अक्का, त्या बाईचं मडकं सरत न्हवतं. आपलं कामून सरतंय?"

पूर्वीची सरुबाई म्हणाली असती, विश्वास कमी पडला.

"भरल्या कणगीवर माणसं बसल्यात म्हणून," ती म्हणाली, आणि पोरीचा डाग पडलेला हात धरून दळायला बसली.