सरांच्या लेखातला एक परिच्छेद

सरांना लकवा झाला तेव्हा ते निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. उजवा हात गेला. चालणं हळूहळू परत आलं, शब्द मात्र आले नाहीत. समजायचं सगळं. पेपर समोर धरला की डोळे ओळींवरून फिरायचे आणि चूक दिसली की डाव्या हाताच्या नखानं तिथे खूण व्हायची. बोलायला गेले की एखादाच शब्द बाहेर पडायचा, तोही पुष्कळदा भलताच. पाणी हवं असलं तर 'खुर्ची' म्हणायचे. चुकलं हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळायचं आणि ते मान खाली घालायचे.

सदर भागातल्या आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात रविवारच्या पुरवणीचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. एरवी ते पुस्तकी मराठी बोलत. राग आला की घरची भाषा यायची. माझी कॉपी टेबलावर टाकून विचारायचे, "हे काय लिहून राहिली तू? हे तुले दिसलं का?" दिसलेलं नसेल तर ती ओळ जायची.

त्यांचे वडील लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते. त्यांच्यावर एक लेख लिहायचा, असं सर कितीतरी वर्षं म्हणत होते. दुसऱ्यांचे लेख नीट करण्यात त्यांचा तो राहून गेला.

कामगार दिनाच्या पुरवणीची आखणी चालली होती, तेव्हा नवे संपादक मला म्हणाले, "मॅडम, सरांकडून तो लेख घ्या ना. ते शब्द सांगतील, एआय वाक्यं करेल, तुम्ही शेजारी बसा." आमच्या डेस्कवरची निम्मी माणसं तोवर कमी झाली होती आणि उरलेल्यांचं काम त्या यंत्राच्या जोरावरच निभत होतं. मला त्याचं वावडं नव्हतं. सरांना विचारलं तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

एप्रिलभर मी दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जात होते. कुलर सुरू असायचा, काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला आत घेऊन दार लोटून घ्यायच्या. "आली का वं? हे सकाळपासून वाट पाहून राहिले." सर एकेक शब्द बोलायचे, मी तो टाइप करायची. यंत्र दोन-तीन वाक्यं सुचवायचं, मी ती वाचून दाखवायची. हवं ते वाक्य आलं की सर टेबलावर थाप मारत.

एकदा ते बराच वेळ "पिवळं… पिवळं…" म्हणत स्वतःच्या पापण्यांना हात लावत होते. मी तसंच लिहिलं. यंत्रानं विचारलं, 'वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवर लाकडाचा भुसा असायचा का?' मी वाचलं आणि सरांनी इतक्या जोरात थाप मारली की कप खाली पडला. हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू दारात उभ्या राहून पदरानं तोंड पुसत होत्या. लकव्यानंतर मनातली गोष्ट बाहेर आली, ती तेव्हा पहिल्यांदा.

मग एका रविवारी ते म्हणाले, "बाबा." मग "बोट." थोड्या वेळानं "पाणी." पुन्हा "बोट."

यंत्रानं एक परिच्छेद लिहिला. आऱ्यात वडिलांचं बोट तुटलं. त्यांनी ते पाण्याच्या डब्यात ठेवलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. मजुरी कापली जाऊ नये म्हणून घरीही कोणाला सांगितलं नाही. परिच्छेद उत्तम होता. मी तो वाचून दाखवला.

सरांनी डोकं हलवलं. "नाही." मी माझं बोट दाखवलं, नाही. तलावातली बोट का, म्हणून वल्हवून दाखवलं. आधी हो, मग नाही. दुसराच एखादा शब्द हवा होता आणि तोंडून 'बोट' येत होतं का, तेही कळेना. शेवटी ते रडायला लागले. मी यंत्राला लिहिलं, हे चुकलंय. त्याचं उत्तर आलं, 'हा प्रसंग मी अंदाजानं रचला आहे. बोट हाताचं की होडी, हेही मला ठाऊक नाही. कळेपर्यंत ही जागा रिकामी ठेवावी आणि हा मजकूर छापू नये.'

मी तो परिच्छेद काढला. तेवढं सोडून लेख सरांना वाचून दाखवला. त्यांनी हलकेच थाप मारली. लेख ऑफिसात दिला.

रविवारी पुरवणी उघडली तर तो परिच्छेद मध्यभागी, चौकटीत.

संपादकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "फाइलमध्ये जुना मसुदा होता, त्यात सापडला. मॅडम, लेखाचा जीवच तो आहे. आणि खाली जागा उरत होती."

"त्याच्याखाली मशीननंच छापू नका असं लिहिलं होतं."

"मशीन तसं लिहितंच."

"सर स्वतः नाही म्हणालेत."

"सरांना आता कळतं तरी किती?"

मी सरांकडे गेले. काकूंच्या हातात फोन होता. कोणी जुने वाचक लेख वाचून रडल्याचं सांगत होते आणि काकू फोन सरांच्या कानाला लावून उभ्या होत्या. सरांच्या मांडीवर पुरवणी. चौकटीवर त्यांनी नखानं इतकं ओरखडलं होतं की कागद फाटला होता. मला पाहून "बोट" म्हणाले. मग पुन्हा, मग पुन्हा, काकूंनी फोन ठेवला तरी.

मी खुलासा छापायचा आग्रह धरला. संपादक पाहू म्हणाले. लेखाचं कौतुक वाढत गेलं आणि खुलासा राहिला. पुढच्या रविवारी मी लॅपटॉप उघडला तर सरांनी डाव्या हातानं तो मिटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा कधी बसले नाहीत.

पावसाळ्यात दुसरा झटका आला. त्यात सर गेले.

श्रद्धांजलीच्या सभेत, त्रिशरण-पंचशील झाल्यावर, संपादक बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तोच परिच्छेद वाचला. पुढच्या रांगेतली माणसं रडली. बाहेर चपला घालताना काकूंनी माझा दंड धरला.

"बाबाच्या बोटाचं खरं होय का वं? मले तं यायनं कधी सांगतलं नाही."

"नाही, काकू. तो मशीनचा अंदाज होता. सर नाही म्हणाले होते."

"मंग खरं काय होतं?"

"माहीत नाही."

त्यांनी माझा दंड सोडला आणि वाकून दुसरी चप्पल घातली.

हिवाळ्यात भेटायला गेले तेव्हा त्यांच्याकडे नरखेडकडची भाची आली होती. काकू तिला सांगत होत्या, "यायच्या बाबाचं बोट गेलं होतं आऱ्यात. डब्यातल्या पाण्यात ठेवलं अन् काम करत राहिला माणूस. सासूबाईले रात्री समजलं, फडकं सोडलं तेव्हा. कशी रडली असंन ती." भाचीचे डोळे भरून आले होते. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दाराशीच उभी होते.

"बस ना वं, उभी काहून?" त्या म्हणाल्या आणि पुढचं सांगू लागल्या.