पत्रेकाकांच्या कानातलं यंत्र

पत्रेकाकांच्या दुकानात शिरणारा माणूस आधी कानांवर हात ठेवायचा आणि मग बोलायचा. बादल्या, नरसाळी, पन्हळी, धान्याचे डबे, सगळं काका हातोडीनं ठोकून घडवायचे. छत्तीस वर्षं ठोकता ठोकता पत्रा वाकत गेला आणि काकांचे कान गेले.

त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. तिशीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी दारू सोडली, शिवी सोडली आणि शेजाऱ्याशी हद्दीवरून चाललेलं भांडणही सोडलं. रविवारी उपासनेत पापांगीकारासाठी, म्हणजे मनातल्या मनात देवाजवळ आपली पापं कबूल करायला, दोन मिनिटं शांतता असायची. तिच्यात काकांना काही कामच उरलं नव्हतं. डोळे मिटून ते उद्याच्या डब्यांची मापं काढायचे.

यंदा लेकीनं कानाचं यंत्र आणलं.

"मी कुठं बहिरा आहे? तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता!" काका गरजले. तरी घातलं.

पहिल्याच दिवशी घड्याळाची टिकटिक ऐकू आली, चपलांची फटफट ऐकू आली. काका खुशीत घरभर फिरले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक सूर आला. बायको उपासनेतलं गीत गुणगुणत होती. तेहतीस वर्षांच्या संसारात ती गुणगुणते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नीट ऐकावं म्हणून ते दाराशी गेले, आणि कातरीनं पत्रा कापावा तसा सूर तुटला.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांचं पाऊल वाजलं की गाणं बंद.

"चहा!" असं कुणीतरी खेकसलं. काका दचकून मागं वळले. मागं कुणी नव्हतं. तो आवाज त्यांचाच होता. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायको पुटपुटली, "आला माझा फौजदार. जरा दम काढ की मेल्या."

तोंडावर 'अहो' आणि पाठीमागं हे! पण काकांना ना हसू आलं ना राग. तिच्या बोलण्यात चीड नव्हती, नुसती सवय होती. तेच जास्त लागलं.

काकांनी यंत्र दुकानात नेऊन खिळ्यांच्या डब्यात टाकलं. घरी सांगितलं, बॅटरी संपली. हे असलं ऐकण्यापेक्षा बहिरं राहिलेलं काय वाईट? पण एकदा ऐकलेलं कानाबाहेर कसं काढणार? हातोडीच्या ठोक्यासरशी एकेक गोष्ट आठवू लागली. पाहुण्यांदेखत बायकोला 'अक्कल नाही' म्हटलेलं. गळकी बादली घेऊन आलेल्या म्हातारीला झापून परत पाठवलेलं, आणि बादली तर आपणच जोडाला दिलेल्या कच्च्या डागामुळं गळत होती. आणि ही बॅटरी! सरळसरळ खोटं, आणि बोलताना पापणीही लवली नाही.

रविवारी दोन मिनिटं पुरली नाहीत. उपासना सुटल्यावर काकांनी ती चालवणाऱ्या पाळकसाहेबांना बाकापाशी गाठलं.

"साहेब, बहिरा होतो तेव्हा मी बरा माणूस होतो! देवाजवळ जावं तर रोज नवीन घाण निघतेय!"

यंत्र डब्यात असल्यामुळं हे अर्ध्या मंडळीनं ऐकलं. पाळकसाहेबांनी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि तेही ओरडले, "घाण जुनीच आहे काका! माझीही अजून निघतेय! प्रभूनं तुम्हाला पदरात घेतलं तेव्हाच त्याला हे सगळं ठाऊक होतं! तुम्हाला आत्ता कळतंय एवढंच!"

उरलेल्या अर्ध्या मंडळीनं हे ऐकलं.

काका चालत निघाले. आपल्याला दारू, शिवी आणि भांडण या तीन गोष्टींची माफी मिळाली असं धरून ते इतकी वर्षं तीन गोष्टींपुरतेच आभार मानत आले होते. माफी तर केवढी तरी मोठी होती. रस्त्यातच त्यांचे डोळे भरून आले. नाक शिंकरून त्यांनी दुकान उघडलं, खिळ्यांतून यंत्र शोधलं, फुंकर मारून कानात घातलं आणि घर गाठलं.

स्वयंपाकघरात सूर चालू होता. त्यांचं पाऊल वाजलं आणि थांबला. काका बोलले, पण इतकं हळू की बायकोलाच ऐकू जाईना.

"काय म्हणालात?"

"बॅटरी संपली नव्हती. खोटं बोललो. आणि तुझ्यावर सारखा खेकसत आलो. चुकलं माझं."

बायको हातातलं काम सोडून वळली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मी बोलते ते सगळं ऐकलंत?"

"फौजदार. मेल्या. सगळं."

"अगं बाई! म्हणजे आता मलाही पापांगीकार करावा लागणार!" तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हसत होते.

गाणं काही त्या दिवशी परत सुरू झालं नाही. इतक्या वर्षांची सवय एका माफीनं थोडीच जाते? काका मधूनच खेकसायचे, स्वतःचा आवाज ऐकून जीभ चावायचे आणि पुन्हा हळू बोलायचे. रविवारी पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं तरी काका अजून अर्ध्यावरच असायचे. उरलेलं ते घरी येताना रस्त्यात देवाला सांगायचे, आणि आभार सोमवारी दुकान उघडेपर्यंत चालायचे.

दीडएक महिन्यानं एका सकाळी काका स्वयंपाकघरात शिरले आणि सूर तसाच चालू राहिला. बायकोनं मागं वळूनही पाहिलं नाही. काका चौकट धरून उभे राहिले, यंत्राचा आवाज थोडा वाढवला, आणि चहा मागायचं पार विसरून गेले.