शुक्रवारचं ऍसिड

इनॉक,

हे पत्र पोस्टात पडायचं नाही. तू तिकडे इस्राएलात, दिमोनाला वारलास, मागून तुझी बायको सॅलीही गेली, आणि आपल्याला मराठी वाचता येत नाही हे तुझ्या मुलांनी मला इंग्रजीत कळवलं. तरी मी तुझ्याशीच बोलणार. तुझ्याबद्दल तिसऱ्या माणसाला सांगायला लागलं की तो लगेच "बिचारा" म्हणतो, आणि मला त्या शब्दाचा कंटाळा आहे. तू बिचारा नव्हतास. हट्टी होतास.

आता बाकीच्यांसाठी थोडं सांगून टाकते. तू ऐकून घे.

पनवेलच्या इस्राएल आळीतला तू इनॉक इसाजी आपटेकर. तुझ्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. आपण ज्यू, शनिवार हा आपला शब्बाथ, कामबंदीचा दिवस; आपले घाणे त्या दिवशी बंद, म्हणून सगळा कुलाबा जिल्हा आपल्याला शनवार तेली म्हणायचा. पनवेलात आपल्या लोकांचा शेवटचा घाणा इसाजीकाकांचा. बैल म्हातारा झाला, गिरणीचं तेल स्वस्त झालं, लढाईच्या दिवसांत तीळ मिळेनात, आणि घाणा थांबला. चौथीपर्यंत तू माझ्या वर्गात होतास. मग तू घाण्यावर बसलास आणि मी मुंबईला राहून बी.एस्सी. झाले. घाण्याने तुझ्यासाठी मागे काही ठेवलं असेल तर ते नाक. आळीतल्या बायका वाण्याकडून तेल आणलं की घरी नेण्याआधी तुझ्यापुढे धरत. तू बूच काढून बाटली नुसती नाकाखालून फिरवायचास आणि सांगायचास, यात शेंगदाण्याचं मिसळलंय, किंवा हे आठवड्यात खवट होणार, परत कर. तू रस्त्याने येताना दिसलास की वाणी दुकानाच्या फळ्या लावायला घेतो, अशी आळीत थट्टा होती.

स्वातंत्र्यानंतर गाढी नदीच्या अंगाला दिनानाथरावांनी इंजेक्शनांचा छोटा कारखाना काढला. मी तिथे केमिस्ट म्हणून लागले आणि काही महिन्यांनी तू काचसामान धुवायला आलास. कारखान्यात तू मला "बाई" म्हणायचास, आळीत माझ्या नावाने "जोके". मिसळ एकदा सोडून कधी झाली नाही.

इंजेक्शनच्या काचेवर बोटाचा तेलकट डागसुद्धा चालत नाही. साबणाने तो पुरता जात नाही, म्हणून क्रोमिक ऍसिड. पोटॅशियम डायक्रोमेटचे भगवे खडे थोड्या पाण्यात विरघळवायचे आणि वरून सल्फ्युरिक ऍसिड बारीक धारेने, ढवळत ढवळत सोडायचं. कोकमाच्या आगळासारखं दाट लाल दिसतं. काच त्यात रात्रभर बुडवून ठेवली की डाग जळून जातो. ऍसिड हिरवं पडलं की त्यातला जोर संपला. ते थंडच वापरायचं, बरणीवर झाकण ठेवायचं, खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, भांडं चिमट्याने उचलायचं, अंगावर उडालं तर आधी भरपूर पाणी ओतायचं आणि मग आरडाओरडा करायचा. हे सगळं मी मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून धुण्याच्या खोलीत लावलं. तिथे बाटल्या विसळायला हौसा होती, मिठागराकडच्या गावातून यायची. तिला वाचता येत नव्हतं. फळ्याच्या खिळ्याला ती भाकरीचं गाठोडं अडकवायची, त्यामुळे "थंड" हा शब्द बहुतेक वेळ गाठोड्याखाली असे. पण हौसा ऍसिडला हात लावत नव्हती. लावायचास तू, आणि तुला वाचता येत होतं.

तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. धुतलेल्या काचेवर पाणी ओतलं की ते एका पडद्यासारखं घसरायचं, थेंब कुठे अडायचा नाही. तू प्रत्येक भांडं खिडकीशी धरून हे बघायचास आणि मगच ओळीत ठेवायचास.

अडचण शनिवारची होती. मी शनिवारी कामाला जात असे. देवाशी माझं जे काही होतं ते मी बाहेरच्या बाहेर मिटवलं होतं. तुझं तसं नव्हतं. बापाने बैल जुंपला नाही शनिवारी, मी काय भांडी घासू, हे तुझं बोलणं. दिनानाथराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुला शनिवार दिला, फक्त इंजेक्शनांच्या शनिवारच्या भरणीला लागणारी काच शुक्रवारी दिवस मावळण्याआधी, म्हणजे शब्बाथ लागायच्या आत, तयार पाहिजे एवढी अट घातली. दुपारपर्यंत वापरात असलेली काच संध्याकाळी स्वच्छ हवी. ती रात्रभर बुडवणार कधी? हे त्यांनी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

तुझ्या हातावर खड्डे पडायला लागले ते मी पाहिले. वाटोळे, काठ उचललेले, पेन्सिलचं मागचं टोक दाबून धरावं तसे. मी मोज्यांबद्दल ओरडले. फाटले होते, नवे आणले. तू म्हणालास, दुखत नाही. खरंच दुखत नव्हतं. क्रोमच्या जखमा दुखत नाहीत. दुखल्या असत्या तर तू माझं ऐकलं असतंस असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

मग तुझं नाक वाजायला लागलं. श्वास घेतलास की बारीक शिट्टी. पनवेलला रेल्वे येणार, येणार असं तेव्हा चाललं होतं. हौसा बाटल्या विसळता विसळता म्हणाली, "आगगारी यायच्या आदी शिटी आली पनवेलात." सगळी खोली हसली. तूही हसलास, आणि हसताना ती जास्तच वाजली.

एका शुक्रवारी मी छत्री विसरले म्हणून परत आले. धुण्याच्या खोलीचं दार लावलेलं, खिडकीही लावलेली. आत स्टोवर मोठं काचेचं भांडं, त्यात ऍसिड गरम होत होतं आणि वर तांबूस धुकं धरलं होतं. तू त्यावर वाकून चिमट्याने काच काढत होतास. मी आधी खिडकी उघडली. विचारलं, हे कधीपासून.

"पहिल्यापासून," तू म्हणालास. "गरम केलं की पटकन होतं. घटकाभरात."

"खिडकी का लावलीस?"

"वाऱ्याने स्टो विझतो."

मी तुला सांगितलं की ते धुकं म्हणजे ऍसिडच आहे, आणि ते तुझ्या नाकात बसतंय. तू उरलेली काच विसळून ओळीत लावलीस, हात पुसलेस आणि म्हणालास, "जोके, सूर्य चाललाय." कारखान्यात तू मला जोके म्हणालास ते तेवढंच.

मी स्टो कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढच्या शुक्रवारी तू सॅलीचा घरून आणलास.

मी दिनानाथरावांकडे गेले. काचसामान दुप्पट घ्या म्हणजे घाई राहणार नाही, निदान भिंतीत एक पंखा बसवा, असं म्हणाले. ते शांतपणे बोलले. काच मुंबईहून येते, निम्मी वाटेत फुटते, पंख्याचं बघू, आणि ऍसिड तापवायला मी त्याला सांगितलेलं नाही. "शनिवारी यावं त्याने. सगळे येतात. तुम्हीसुद्धा येता की, बाई." ते खरं होतं. मग मी दुसरा मार्ग काढला. शुक्रवारी तू काच थंड ऍसिडात बुडवून घरी जायचं, आणि शनिवारी सकाळी मोजे घालून हौसाने ती काढून विसळायची. दिनानाथराव हो म्हणाले. हौसा नाही म्हणाली.

"मना नको, बाई. मना दादासारी शिटी नाय वाजवायची."

तिचंही बरोबर होतं.

कारखान्याचा डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा, त्याच्यापुढे मी तुला बसवलं. त्याने तुझ्या एका नाकपुडीशी बॅटरी धरली आणि दुसरीतून उजेड आला. नाकाचा मधला पडदा आतून खाल्ला गेला होता, चवलीच्या नाण्याएवढं भोक. डॉक्टरने मलाही बघायला बोलावलं, मी पाहिलं. तू विचारलंस, दुखायला कसं लागलं नाही. तो म्हणाला, याचं दुखत नाही. खपल्या काढू नको, मिठाच्या पाण्याने नाक धू, व्हॅसलीन लाव, आणि त्या खोलीत जाऊ नको. पहिल्या तीन गोष्टी तू केल्यास.

वास गेल्याचं तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. बायका तेल आणतच होत्या आणि तू प्रत्येकीला "बरं आहे" म्हणत होतास. आधीच्या तुझ्या आयुष्यात तू एकाही तेलाला नुसतं बरं म्हटलं नव्हतंस. वाण्याला फार दिवस सुखाचे गेले.

कळलं ते मलिद्याच्या दिवशी. तुझा मोठा मुलगा टायफॉइडमधून उठला म्हणून सॅलीने नवस फेडला होता. परातीत गोड पोहे, खोबरं, फळं आणि सब्जाची डहाळी. आपल्याकडे डहाळी हातोहात फिरते. ज्याने त्याने हुंगायची आणि सुवास निर्माण करणाऱ्याची बराखा, म्हणजे स्तुतीची प्रार्थना, म्हणायची. वास आला तरच. वास न येता बराखा म्हणणं म्हणजे देवाचं नाव फुकट घेणं. यजमान तू, म्हणून पहिली डहाळी तुझ्या हातात. तुझा आवाज आळीत सर्वांत मोठा, सगळे त्याची वाट बघत होते. तू डहाळी नाकाशी धरलीस. चुरगळलीस, पुन्हा धरलीस. खोलीत फक्त तुझी ती शिट्टी ऐकू येत होती. मग तू डहाळी भावाकडे, सॅमकडे दिलीस. सॅमने बराखा म्हटली आणि तू आमेन म्हणालास.

सॅली परातीपलीकडून तुझ्याकडे बघत होती. मलिदा वाटला, सगळ्यांनी खाल्ला.

पाहुणे गेले, मी भांडी आवरायला थांबले होते. सॅलीने डब्यातून लवंग काढून तुझ्या नाकाशी धरली. मग हिंग. मग रॉकेलची बाटली. तू प्रत्येक वेळी मान हलवलीस.

"कधीपासून?"

"दिवाळीच्याही आधी."

"आणि मी विचारत होते, डाळ करपली का बघा जरा."

तू म्हणालास, "सगळं पाणी आहे, सॅली. सगळ्याला पाण्याचा वास."

मला वाटलं, आता तरी हा थांबेल. शुक्रवारी मी मुद्दाम गेले. स्टो पेटलेला होता. खिडकी मात्र उघडी ठेवली होतीस आणि स्टोभोवती पत्र्याचा आडोसा केला होतास. मी म्हटलं, नाक हा शेवट नाही, त्याच्या खाली छाती आहे. तू म्हणालास, "नाक गेलं ते शनिवारसाठी गेलं. आता शनिवारही सोडू? मग गेलं कशाला?" यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. मी बोललेही. तू काच काढत राहिलास.

अशी आणखी काही वर्षं गेली. आळीतली घरं एकेक करून रिकामी होत होती, माणसं इस्राएलला जात होती. शेवटी सॅलीने ठरवलं. तिकडे शनिवारी सगळ्यांनाच सुट्टी असते, तिथे कुणाची मिनतवारी नको, एवढंच ती म्हणाली. तू हरकत घेतली नाहीस. तिथे तू कापडाच्या गिरणीत लागलास, शनिवारी घरी राहिलास, आणि साठी गाठायच्या आत छातीच्या रोगाने गेलास. तू विडी कधी ओढली नव्हतीस. मुलांनी कळवताना "फुप्फुसं" एवढंच लिहिलं. कशाने ते त्यांनी विचारलं नाही, मीही लिहिलं नाही.

एक काम तेवढं राहिलं.

जायची तयारी चालू असताना तू प्रयोगशाळेच्या दाराशी आलास. आत येत नव्हतास, पायांना चिखल होता. इसाजीकाकांच्या शेवटच्या घाण्याचं तिळाचं तेल तू जपून ठेवलं होतंस, काळी बाटली, बुचावर लाख. चांगलं असेल तर बरोबर न्यायचं होतं, तिकडच्या पहिल्या शब्बाथच्या दिव्यासाठी. खवट असेल तर न्यायचं नव्हतं. आणि ते ठरवणारं नाक तुझ्याकडे उरलं नव्हतं. सॅलीला विचारावं तर ती ओझं कमी करायला खवट म्हणणार. सॅम तुला बरं वाटावं म्हणून चांगलं म्हणणार.

"तू तोंडावर सांगशील," तू म्हणालास. "नुसतं हुंगायचं, बाई. चाखायचं पण नाय."

मला पडसं झालं होतं. नाक पुरतं बंद, स्पिरिटसुद्धा कळत नव्हतं. मी म्हटलं, आज काही उपयोग नाही, सोमवारी आण. तू "बरं" म्हणालास आणि शिट्टी वाजवत गेलास.

शुक्रवारी मुंबईहून निरोप आला, विमानात जागा मिळाली आहे, रविवारी हजर राहा. शनिवार संपला, तुम्ही हब्दाला, म्हणजे शब्बाथ सोडायची प्रार्थना, केली आणि टॅक्सीने निघालात. आळीतले लोक पोचवायला आले होते म्हणे. मी रजा घेऊन माझ्या बहिणीकडे अलिबागला होते.

सोमवारी माझं नाक मोकळं झालं होतं. प्रयोगशाळेत शिरताच स्पिरिटचा वास आला, धुण्याच्या खोलीतून हौसाच्या गाठोड्यातल्या सुकटीचा आला. मी टेबलावर बाटलीपुरती जागा करून ठेवली. हौसाने येऊन सांगितलं, दादा गेलं.

पुढे सॅमला विचारलं, तर त्याच्याकडे बाटली नव्हती. तुझी पत्रं नव्या वर्षाला यायची, त्यांत हवा, पगार, मुलं. तेलाचं काही नसे. तिळाचं तेल टिकतं, पण इतकी वर्षं टिकतं का, ते हुंगल्याशिवाय मला सांगता येणार नाही.