शुक्रवारच्या टेबलाचा नियम

अर्लिस टॉलेफसनचा निम्म्याहून अधिक जन्म नॉर्बीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. पण तिच्या तोंडून कुणाबद्दल बरंवाईट ऐकलंय असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. तसं बघायला गेलं तर आमच्या विस्कॉन्सिन राज्याच्या या कोपऱ्यात तोंडावर वाईट बोलायची पद्धतच नाही. चर्चच्या जेवणात कुणाचा पदार्थ घशाखाली उतरेना, तरी कुणी ‘बिघडलाय’ म्हणणार नाही. ‘वेगळंच लागतंय हं,’ म्हणतील आणि बशी हळूच बाजूला सरकवतील. करणारी काय ते समजते आणि पुन्हा तो पदार्थ आणत नाही. अर्लिस मात्र एवढंसुद्धा म्हणायची नाही. ती बशी पुसून खायची.

याचं मूळ तिच्या लहानपणात होतं. ती आठ वर्षांची असताना बापाने आईला न विचारता एक दुभती गाय विकली. त्यावरून नवराबायकोचं बोलणं बंद झालं ते बर्फ वितळेपर्यंत. दोघं एकाच स्वयंपाकघरात, एकाच टेबलाशी जेवायची. आई म्हणायची, “अर्लिस, बापाला सांग, लाकडं संपलीत.” बाप समोरच बसलेला. तो पावावर लोणी फासत म्हणायचा, “आईला सांग, ऐकलं मी.” पोर बिचारी चुलीपाशी उभी राहून इकडचं तिकडे करत बसायची. धाकटा भाऊ ऑर्लिन टेबलाखाली घुसून कुत्र्याशी खेळायचा, त्याला कसलं काही नाही. त्या हिवाळ्यात अर्लिसने मनाशी पक्कं केलं की आपण कधी कुणाची बाजू घ्यायची नाही. बाजू घेतली की घर फुटतं, एवढंच तिला कळलं होतं.

पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. उरली दोनच माणसं. एक हा भाऊ ऑर्लिन, बापाच्या गोठ्यात गायी सांभाळणारा, आणि दुसरी लव्होन झिट्लो.

लव्होन शाळेत झाडलोट करायची आणि युनियनचं काम बघायची. स्वयंपाकिणी, सफाईवाले, बसमधल्या मदतनीस, सगळ्यांची मिळून ती एक युनियन होती. बाई आवाजाने मोठी आणि तोंडाने त्याहून फटकळ, पोटात काही म्हणून राहायचं नाही. एकदा सूपच्या मोठ्या हंड्याचं झाकण निसटून अर्लिसचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ऑफिसने म्हटलं, हिचाच निष्काळजीपणा. लव्होन तेव्हा करार हातात धरून ऑफिसच्या बाकावर जाऊन बसली आणि सुट्टीचा पूर्ण पगार कबूल करून घेतल्याशिवाय उठली नाही. झाकणाची बिजागरी निखळलेली होती, हेही तिनेच त्यांना दाखवलं. अर्लिसच्या हातावर तो डाग अजून आहे.

तर ही तिघं दर शुक्रवारी ग्लेनच्या टॅव्हर्नमध्ये, गावच्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर जेवायची. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे तळलेला मासा. खिडकीजवळचं टेबल त्यांचं. मासा, राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर, लव्होनसाठी ब्रँडी. जेवण झालं की पत्ते. ऑर्लिन आणि लव्होन एकमेकांना यथेच्छ टाकून बोलायचे, अर्लिस मध्ये बसून हसायची. आठवड्यातले ते दोन तास हेच तिचं घर होतं म्हणा ना.

मग २०११ चा फेब्रुवारी आला आणि राजधानी मॅडिसनला तो कायदा निघाला. सरकारी नोकरांच्या युनियनने मूळ पगाराखेरीज कशावरही बोलणी करायची नाहीत. विमा, सुट्ट्या, कामाचे तास, सगळं मालक ठरवेल. शिवाय युनियन हवी की नको यावर दरवर्षी नव्याने मतदान. झालं, सगळं राज्य उभं चिरलं गेलं. हजारो माणसं राजधानीत जाऊन ठाण मांडून बसली. इकडे नॉर्बीत एका अंगणात कायद्याच्या बाजूची पाटी, तर शेजारच्या अंगणात तिच्या उलट. लोक चर्चमध्ये बाक बदलून बसायला लागले.

लव्होन आठवडाभर मॅडिसनला जाऊन घसा बसवून आली. त्या शुक्रवारी ऑर्लिनने तिला बघताक्षणी विचारलं, “काय गं, मग आठवडाभर शाळा कुणी पुसली?”

“तुझ्या गायींनी,” लव्होन बसल्या आवाजात म्हणाली.

“माझ्या गायींना सुट्टी नसते बाई. मला पण नसते. दात दुखला तर मी पक्कड शोधतो. तुमचा विमा मात्र माझ्या करातून.”

“मग तू पण माग ना विमा! माझा काढून घेतला की तुझा दात बरा होणार आहे का?”

“कुणाकडे मागू? गायीकडे?”

पहिल्यांदा हसण्यावारी चाललेलं बोलणं कधी चिघळलं ते समजलंच नाही. ऑर्लिन उठून उभा राहिला, लव्होनने ग्लास आपटला, ब्रँडी अर्लिसच्या स्वेटरवर सांडली. आणि जन्मात कधी नाही ती अर्लिस ओरडली, “बास! या टेबलावर हा विषय निघणार नाही. जो काढेल त्याने सगळ्यांचं बिल भरायचं. मला दोघंही हवी आहात. कळलं का?”

ऑर्लिनने पत्ते पिसले. तेव्हापासून हा नियम कुणी मोडला नाही, आणि नॉर्बीत जी काही टेबलं शाबूत राहिली त्यांत हे एक होतं. अर्लिसला त्याचा मोठा अभिमान. तिने अंगणात कुठलीच पाटी लावली नाही. स्वयंपाकघरात कुणी विषय काढला की ती पीठ मळायचं मशीन चालू करायची, त्या घरघरीत कोण काय बोलणार! युनियनची पत्रकं यायची ती न वाचता रद्दीत, दुसऱ्या बाजूची यायची तीही त्यावरच. तिच्या दृष्टीने न्याय झाला.

अशी पावणेतीन वर्षं गेली, जुना करार संपला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या युनियनच्या मतदानाची पाळी आली. मतदान फोनवरून, गुप्त, घरबसल्या. मुदत भरपूर होती. लव्होन रोज एकेकाला कोपऱ्यात गाठून समजावत होती. अर्लिसला तिने काही म्हणजे काही समजावलं नाही. हाताला डाग असलेल्या बाईला काय समजवायचं?

एका संध्याकाळी अर्लिसने फोन हातात घेतलासुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढे ऑर्लिन आला, दुधाचा भाव उतरलेला, थोरला मुलगा गोठा सोडून शहरात गेलेला, चेहरा ओढलेला. त्याच्याविरुद्ध आपण गुपचूप बटण दाबायचं आणि शुक्रवारी त्याच्याच समोर बसून मासा खायचा? आणि ‘नको’चं बटण तर लव्होनच्या पाठीत सुराच. तिने फोन ठेवून दिला. मी इकडेही नाही, तिकडेही नाही. कुणी विचारलंच तर दोघांच्याही डोळ्यांत बघून सांगता येईल की तुझ्याविरुद्ध मी मत दिलं नाही. तिला एवढं हलकं वाटलं की तिने त्याच झपाट्यात ॲपल पाय करायला घेतला.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आधी निकाल आला. लव्होन बादली तशीच दारात ठेवून स्वयंपाकघरात आली.

“वीस मतं,” ती म्हणाली. “सगळी ‘हवी’ म्हणून. विरोधात एकही नाही. एक सुद्धा नाही, अर्लिस.”

“अगं मग जिंकलोच की!”

“जिंकलो कुठलं? हरलो. आपण एकेचाळीस जण. निम्म्याहून जास्त म्हणजे एकवीस लागत होती. मतं देणाऱ्यांतली निम्मी नाही गं, सगळ्यांतली. जो घरी बसला तो ‘नको’ म्हणाला असंच धरतात. कायद्यातच तसं आहे. घसा फोडून सांगत होते मी सगळ्यांना.”

अर्लिसच्या हातात बटाट्याचा ट्रे होता. तो तिने कुठे ठेवला ते तिला नंतर आठवेना.

“मी पक्की एकवीस धरली होती,” लव्होन बोटांवर मोजायला लागली. “तू, मी, दोघी बसवाल्या...” तिने अर्लिसचं नाव पहिल्या बोटावर घेतलं आणि पुढे गेली. “कुणीतरी तोंडावर हो म्हटलं आणि घरी जाऊन झोपलं. मला माहितीये कोण. रोंडा. शाळेच्या बोर्डावरच्या माणसाचं घर साफ करते ना ती रविवारी! आता ऑफिसने बोलावलं की एकेकटीने जायचं. करार नाही, काही नाही.”

रोंडा म्हणजे भांडी घासणारी. गरीब गाय. त्या दिवसापासून लव्होनने तिच्याशी बोलणं टाकलं, आणि लव्होनने टाकलं म्हणजे निम्म्या शाळेने टाकलं. रोंडा नमस्कार करायची, समोरून माणूस भिंतीकडे बघत निघून जायचा. गुरुवारी ती थंड कोठीत दुधाच्या क्रेटवर बसून रडताना अर्लिसला सापडली.

“मी दिलं गं मत,” ती म्हणाली. “गाडीत बसून दिलं, घरी फोन लागत नाही म्हणून. कशावर हात ठेवून सांगू?”

“मला ठाऊक आहे,” अर्लिस म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पाठीमागे दार लोटून बाहेर आली. स्वतःची अशी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी टॅव्हर्नमध्ये निम्मी माणसं शिकारीच्या नारिंगी कपड्यांत होती. ऑर्लिनही तसाच आला. बसला, टोपी काढली आणि ग्लेनला हाक मारून म्हणाला, “आजचं बिल माझं रे.” मग लव्होनकडे वळला. “नियम मोडतोय. तुझ्या मतदानाचं ऐकलं. मला तो कायदा बरोबर वाटतो, अजून वाटतो. पण वीस विरुद्ध शून्य होऊन हरायचं, ही काय रीत झाली? वाईट वाटलं.”

लव्होनने नाक शिंकरलं. “बैल आहेस,” ती म्हणाली. “पण बरा बैल आहेस.”

“आणि अर्लिस, तुला पण सांगतो,” तो पावाला लोणी लावत म्हणाला. “तू मत दिलंस त्याचा मला राग नाही. तुझा हात भाजला तेव्हा मी काय कामाचा होतो? हीच बसली होती तिथे. तू दिलं नसतंस तर मलाच तुझी लाज वाटली असती.”

मासा आला. वाफ निघत होती. कुणी हात लावला नाही, कारण अर्लिसचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“त्या रोंडाला सांग हे,” लव्होन म्हणाली. “तिला कळू दे लाज काय असते.”

“रोंडाने दिलं मत,” अर्लिस म्हणाली. “मी नाही दिलं.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हरणाच्या शिंगांचं वर्णन करत होतं, ते ऐकू येत राहिलं.

“मला वाटलं, नाही दिलं की कुणाच्याच विरुद्ध जात नाही. मला तो नियम माहीत नव्हता, लव्होन. मी कधी ऐकूनच घेतलं नाही. मला तुम्ही दोघंही...”

“माझ्यासाठी?” ऑर्लिनचा पाव हातातच राहिला. “अगं, मी कधी म्हटलं होतं तुला?”

लव्होन बराच वेळ अर्लिसच्या हाताकडे बघत होती. ओरडेल, ग्लास फेकेल, अर्लिसने सगळ्याची तयारी ठेवली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“वेगळंच गं तुझं,” लव्होन शांतपणे म्हणाली, आणि बशी बाजूला सरकवली. मग कोट घातला आणि गेली.

सोमवारी सकाळी शाळेत आल्याबरोबर लव्होन रोंडापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. रोंडा पुन्हा रडली. मग दिवस नेहमीसारखा सुरू झाला. अर्लिस पीठ मळायला घेत होती. लव्होन फडकं पिळत दारात आली. दोघींमध्ये हातभर अंतर असेल नसेल. रोंडा मधे, सिंकपाशी उभी होती.

“रोंडा,” लव्होन म्हणाली, “अर्लिसला सांग, मागची फरशी ओली आहे.”

रोंडाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. हातातली बशी तशीच धरून ती म्हणाली, “अर्लिस, मागची फरशी ओली आहे म्हणे.”

अर्लिसने पिठाचे हात अ‍ॅप्रनला पुसले. “तिला सांग, ऐकलं मी,” ती म्हणाली.